भोंग्याआधी निघालेली जीप

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण त्या सकाळी ठाण्यात आलेला फोन मी विसरलेलो नाही. म्हैसूरच्या बाहेर एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेची धावपट्टी होती. तिथले छोटे विमान शेजारच्या टेकडीवर आदळले होते. संस्थेचे आणि टेकडीचे नाव मुद्दाम देत नाही.

मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. म्हैसूरच्याच अग्रहार भागातल्या शिंप्याचा मुलगा, शिपाई म्हणून भरती होऊन परीक्षा देत देत तिथवर आलेला. टेकडीवर पोचलो तेव्हा विमान पेटलेले होते. ते एकटीने चालवणारी शिकाऊ वैमानिक, तेवीस वर्षांची मुलगी, अग्निशामक जीपमध्ये आडवी पडली होती. मांडीचे हाड मोडले होते, पण जीव वाचला होता. सरपण गोळा करणारी एक बाई मात्र भाजली होती, त्यामुळे निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवावा लागला. आरोपी म्हणून एकच नाव समोर होते, त्या मुलीचे.

संस्थेची तक्रार सरळ होती. तिथला नियम असा की उड्डाणानंतर उजवीकडे वळायचे, कारण डावीकडे टेकडी. ही मुलगी आपल्या मनाने डावीकडे वळली आणि ढगात शिरली. मनोऱ्यावरच्या नियंत्रकाच्या नोंदवहीत ‘राइट’ असेच लिहिलेले. बोलणे टेपवर घेतात, पण मशीन त्या दिवशी बिघडलेले, असे तो म्हणाला.

इस्पितळात मुलीचा जबाब घेतला. “सर, मला ‘लेफ्ट’च सांगितलं. माझा विश्वास बसला नाही, पण मनोऱ्याला उलट विचारायची हिंमत झाली नाही.” मग हळूच म्हणाली, “गुन्हा शाबीत झाला तर मला परत कुणी विमानात बसू देणार नाही, ना?”

खोटे बोलणारा माणूस स्वतःची चूक आधी सांगत नाही, एवढे मी मनात टिपून ठेवले.

आमचे उपअधीक्षक म्हणाले, “तीन दिवसांत आरोपपत्राचा मसुदा पाहिजे.”

“आठ दिवस द्या, साहेब.”

“चार.”

“पाच. आणि ती अग्निशामक जीप मी पुरावा म्हणून जप्त करतो.”

“इथेही मंडी मोहल्ल्याचा बाजार मांडलास का रे?” ते हसले. पाच दिवस मिळाले.

दुसऱ्या दिवशी धावपट्टीच्या फाटकाजवळ चहा घेत होतो. हॉटेलवाली बाई कन्नडमध्ये बडबडत होती. “त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने माझा दुधाचा कॅन उडवला असता, सार! केवढ्या जोरात जीप काढली! मी शिव्या देतेय, तोवर भोंगा वाजला.”

“भोंगा नंतर वाजला? नीट आठव.”

“अय्यो, कॅन माझा होता, सार. मला नाही आठवणार?”

चहा तसाच टाकून मी आत गेलो. जीपच्या रजिस्टरमध्ये नोंद होती, गाडी बाहेर, दहा बेचाळीस. मनोऱ्याच्या वहीत अपघाताचा भोंगा दहा पंचेचाळीसला. दोन्हीकडची घड्याळे माझ्या घड्याळाशी ताडून पाहिली. फरक अर्ध्या मिनिटाचा. अपघात कुणालाच कळला नव्हता, तेव्हा जीप टेकडीकडे धावत होती!

ड्रायव्हरला ठाण्यात आणले. “हुकूम नसताना गाडी का काढली?”

“इंजिन गरम करत होतो, सार.”

मी टेबलावर हात आपटला. ओरडलो. त्याने हात जोडले आणि तोंड मिटले ते मिटलेच. दिवस फुकट गेला. माझ्या तापट स्वभावाने असे बरेच दिवस खाल्ले आहेत. संध्याकाळी आमचे हेड कॉन्स्टेबल म्हणाले, “साहेब, तुमच्या आवाजाला तो भीत नाही. त्याचा हात सारखा खिशाकडे जातो. आत कसला तरी कागद आहे.”

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. लहानपणी वडिलांसाठी मंडी मोहल्ल्यात अस्तर आणि बटणांचा भाव करताना मी एक गोष्ट शिकलो होतो. भाव जमत नसेल तर उठायचे आणि मागे न बघता चालू लागायचे.

“अण्णा, बोलायचं नसेल तर नका बोलू,” मी म्हणालो. “तिला पेटत्या विमानातून तुम्ही ओढून काढलंत. परवा तिच्यावर आरोपपत्र जाईल. येतो मी.”

उठलो. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडले. फाटकाची कडी काढली.

“सार, बन्नी! या, आत या!”

खिशातला कागद त्याने माझ्या हातात दिला. संस्थेचा मेमो होता. हुकमाशिवाय वाहन बाहेर काढल्याबद्दल खुलासा मागितला होता. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

“मला इंग्रजी येत नाही, सार. पण जीपमधल्या रेडिओवर मनोऱ्याचं बोलणं अठरा वर्षं ऐकतोय. विमान उडालं की ‘राइट’. रोज ‘राइट’. त्या दिवशी साहेब ‘लेफ्ट’ म्हणाले. वाटलं, आता बदलतील. पोरीनंही ‘लेफ्ट’ म्हणून उत्तर दिलं. मी टेकडीकडे बघितलं तर टेकडी दिसतच नव्हती, सगळा ढग. मग कुणाला विचारत बसू?”

तासाभरात नियंत्रक माझ्यासमोर होता. दोन्ही रजिस्टरे शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि त्याच्या वहीतल्या एका नोंदीवर बोट ठेवले. “दहा अठ्ठेचाळीसला उतरलेलं हे दुसरं विमान कुणाचं?”

“संस्थेच्या अध्यक्षांचं.”

“कुठून येत होतं?”

“दक्षिणेकडून. उजवीकडून.”

मी ओरडलो नाही, याचे मला आजही नवल वाटते.

“अध्यक्षांना घिरट्या घालायला लावायचं नव्हतं,” तो म्हणाला. “वाट मोकळी करायला तिला डावीकडे वळवलं. आधी टेकडीच्या वरची उंची गाठ, मग वळ, एवढं सांगायचं राहून गेलं.”

“समोर ढग दिसत नव्हता?”

“मी अध्यक्षांचं विमान शोधत होतो, सर. टेकडीकडे माझी पाठ होती.”

“आणि ‘राइट’ केव्हा लिहिलंत?”

“भोंगा वाजवल्यावर.” मग त्याने स्वतःच सांगितले, “मशीन बिघडलेलं नव्हतं. टेप माझ्या खणात आहे.”

पंचांसमोर टेप लावली. ‘लेफ्ट’. स्पष्ट. मागोमाग मुलीचा आवाज, तोच शब्द. हेड कॉन्स्टेबलनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच ‘सॉरी, साहेब’ म्हणून ताठ उभे राहिले.

मुलीचे नाव गुन्ह्यातून वगळले गेले. पाय बरा झाल्यावर ती पुन्हा उडू लागली. उड्डाणाआधी टेकडीची उंची वैमानिकाला सांगायची आणि त्या उंचीच्या खाली कुणालाही डावीकडे वळवायचे नाही, असा लेखी आदेश तिथे निघाला.

त्या नियंत्रकाच्या चुकीचा मला फार राग नाही. दोन विमाने आणि एकटा माणूस, हे कुणाचेही होऊ शकते. राग त्याने नंतर लिहिलेल्या एका शब्दाचा आहे. तिथून पुढच्या नोकरीत घटनेनंतर भरलेले कागद मी आधी बाजूला काढत असे, आणि हुकमाची वाट न पाहता कोण हलले याचा शोध घेत असे. खरे बहुधा त्याच्याकडे सापडते.

शाबासकीपत्र उपअधीक्षकांच्या नावाने आले. अहवालात माझे नाव नव्हते, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण एक सौदा मी जिंकलो. संस्थेचा व्यवस्थापक जीप सोडवायला आला, तेव्हा म्हणालो, “आधी तो मेमो रद्द केल्याचा कागद आणा, मग कोर्टात जीप सोडायला माझी हरकत नाही.” दुपारपर्यंत कागद आला.

तो घेऊन ड्रायव्हरकडे गेलो, कन्नडमध्ये वाचून दाखवला. त्याने नीट ऐकले. मग विचारले, “मेमो रद्द, एवढंच आहे, सार? मी केलं ते बरोबर होतं, असं कुठं लिहिलंय?”

तसे कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून मी इथे लिहितो. अण्णा, तुमचे बरोबर होते.