बकेटमधून न उतरलेली मावशी

आमच्या पिशोरच्या घरात लोखंड म्हणजे नांगराचा फाळ आणि विळा. ते कुठं तयार होतं, हे दादा भट्टीवर कामाला लागेपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं. चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात भंगार वितळवून सळ्या करत. दादा भट्टीच्या तोंडाशी उभा राहून लांब दांड्यानं वितळलेल्या लोखंडावरची मळी काढायचा. पुढं त्यानंच शब्द टाकून मला भंगाराच्या यार्डात सुपरवायझर म्हणून चिकटवलं. मी बारावी झालेलो, हातात वही, डोक्यावर पिवळं हेल्मेट. माझा रुबाब मालकापेक्षा जास्त होता.

यार्डात भंगार निवडायला बायका असत. त्यांतली एक मावशी हर्सूलहून यायची. घरची मेंढरं विकल्यावर तिनं हे काम धरलं होतं. क्रेननं उचलून भट्टीत उलटायच्या मोठ्या बकेटमध्ये बंद तोंडाची कुठलीच वस्तू जाऊ द्यायची नाही, एवढं तिचं काम. बंद नळीत पाणी असलं आणि ती वितळलेल्या लोखंडात पडली, की वाफेनं सगळा रस वर उसळतो. वर उभ्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. मावशी प्रत्येक तुकडा तळहातावर घेऊन जोखायची. कोकरू पोटभर प्यालंय की नाही हे जसं उचलून कळतं, तसं तिला लोखंडाचं कळायचं. मला मात्र हा शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा.

पाइपांची टोकं एकमेकांत अडकायची आणि बकेट उलटली तरी भंगार खाली पडायचं नाही. त्यावर मी शक्कल लढवली. टोकं घणानं चेपून टाका, म्हणून सांगितलं. काम झपाट्यानं व्हायला लागलं, साहेबांनी पाठ थोपटली, मी हवेत. चेपण्याआधीच पाइपांचा ढीग पावसात भिजून त्यांत पाणी साचलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बंद तोंडाच्या वस्तू मीच तयार करत होतो.

त्या दुपारी बकेट भरली होती, क्रेनचा आकडा खाली आला होता. मावशीनं वरचा एक पाइप उचलला, जोखला.

"भाऊ, ह्याच्यात कायतरी हाय."

"मावशी, वरून बोंब चाललीय. जाऊ द्या."

तिनं पदर खोचला, बकेटमध्ये चढली आणि भंगारावर मांडी घालून बसली. माणूस आत असताना क्रेनवाला बकेट उचलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझा पारा चढला. सगळ्यांसमोर ओरडलो, "उद्यापासून कामावर येऊ नका."

"नाय येत. आज एवढा पाइप कापून बघ."

शेवटी करवतीनं पाइप कापला. आतून तांब्याभर गढूळ पाणी आलं. मी वर पाहिलं. दादा भट्टीपाशी उभा होता, गमछ्यानं तोंड पुसत मला हातानं खुणावत होता, लवकर पाठव म्हणून. मी तिथंच पाइपांवर बसलो.

बकेट पूर्ण उपसली. टोकं चेपणं त्याच दिवशी बंद केलं. मावशी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली आणि मी मान खाली घालून तिची हजेरी मांडली. दादाला काही सांगितलं नाही. त्याच्या जिवाशी खेळ मीच केला होता, हे सांगायला तोंड नव्हतं.

कारखाना बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तिथून जवळच उंच इमारती झाल्या, त्यांतल्या एकीत दादानं फ्लॅट घेतला. मागच्या महिन्यात वास्तुशांत होती. जुन्या लोकांना बोलावणं गेलं, त्यात मावशीही आली. तिला दारात बघून मी वाढप्यांच्या मागं सरकलो. हिनं तोंड उघडलं तर? पण ती खिडकीतून खालच्या गाड्या बघत बसली. तिचं ते गप्प बसणंच मला सोसवेना. मी दादाला तिच्यासमोर नेलं आणि सगळं सांगून टाकलं, चेपलेल्या टोकांसकट.

"म्हणून त्या दिवशी तू जेवला नव्हता," दादा एवढंच म्हणाला.

"मावशी," मी म्हटलं, "वर माझा भाऊ आहे म्हणून तुम्ही अडून बसलात. तुमचे उपकार..."

"तुझा भाऊ व्हय?" तिनं दादाला नीट न्याहाळलं. "मला तवा काय ठाव वर कोण हाय ते. कुणीतरी असंलच की."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की तिनं ते आमच्यासाठी केलं. माझे डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत. दादा उठला. वाढप्याच्या हातातून ताट घेतलं, पुरणपोळ्या, वर तूप, सगळं स्वतः वाढून मावशीच्या हातात दिलं. तिनं ताट तळहातावर घेतलं, जरा वरखाली केलं.

"जड हाय. एक पोळी काढ."

दादानं मुकाट्यानं एक पोळी काढून घेतली.