न बसलेला धक्का

हे मी नवऱ्याला, विजयलाही सांगितलेलं नाही. नणंदेला नाही, देवापुढेही नाही. तिथे हात जोडले की मी पटकन दुसऱ्याच कुणासाठी तरी काहीतरी मागते आणि निघते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही आणि अण्णांना तुम्ही पाहिलेलं नाही.

सुरुवात प्रोजेक्टरपासून करते. ते सोपं आहे.

डहाणूजवळ, आशागडच्या बाजूला आमची चिकूची वाडी आहे. मागच्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो. मुंबईची, सुरतेची माणसं येतात, समुद्र बघतात, चिकू खातात, आणि दिवेलागणीनंतर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. म्हणून मी ठरवलं की चिकू निवडायची जुनी खोली रिकामी आहे, तिथे सिनेमा दाखवायचा.

खोली लांबट, पण बुटकी. वर माळा आहे. तुळयांवर फळ्या टाकलेल्या, आणि उंच माणसाने हात वर केला तर तळवा फळीला टेकतो. अशा ठिकाणी प्रोजेक्टर दांडीवर लोंबकळत ठेवता येत नाही, डोकी आपटतात. मागे टेबलावर ठेवला तर जो उठेल त्याची सावली पडद्यावर. मी थोड्या अंतरावरून मोठं चित्र टाकणारा घेतला. तो छताला चिकटवून, उलटा बसवायचा. डहाणूच्या दुकानदाराने खोका बांधताना सांगितलं होतं, "भाभी, फळीला नका मारू हं. तुळईलाच मारा. वजन आहे याला."

पण तुळई पडद्याच्या मधोमध येत नव्हती. तिला लावला की चित्र तिरकं पडायचं. यंत्रातली बटणं दाबून ते सरळ करता येतं, पण मग कडा भुरकट होतात. मला ते चालणार नव्हतं. विजय म्हणाला, "सुताराला बोलव, तो दोन तुळयांच्या मध्ये आडवी पट्टी टाकून देईल." मी म्हटलं, चार स्क्रूंसाठी सुतार कशाला? ड्रिल घरात आहे, हात मला आहेत.

मी फळीलाच मारले. चौथा स्क्रू शेवटी नुसता गरगर फिरला. लाकडाने पकड घेतली नव्हती — मला कळलं. मी भोकात काडेपेटीची काडी मोडून घातली आणि परत फिरवला. चित्र अगदी सरळ आलं.

आता अण्णा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे जमीन हलते, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. डहाणू-तलासरीला धक्के बसायला लागले त्या हिवाळ्यात माणसं घर सोडून अंगणात, तंबूत झोपायची. आम्हीही झोपलो. अण्णा मात्र आत, आपल्या खाटेवर. ते जन्मभर वाडीत अनवाणी फिरलेले, आणि कसं कोण जाणे, त्यांना धक्का आमच्या आधी कळायचा. जेवताजेवता हात थांबवायचे, म्हणायचे, "आली." धक्क्याला ते ‘ती’ म्हणायचे. मग आम्ही भांड्यांकडे बघायचो, आणि भांडी वाजायची. तलासरीहून माझी नणंद सुलभा फोन करून विचारायची, "अण्णा काय म्हणतात? आत झोपू का बाहेर?" पोरांपासून गड्यांपर्यंत सगळे त्यांच्या पायांकडे बघायचे. म्हाताऱ्या माणसाला घरात असं काही स्थान असणं — ते किती मोठं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात कुठे होतं?

सिनेमाच्या खोलीत मी गालिचा घातला होता. अण्णा तिथे बसायला आले की आधी गालिच्याचा कोपरा दुमडायचे आणि पाय खालच्या लादीवर टेकवायचे. "पायाखाली काय चाललंय ते कळलं पाहिजे," म्हणायचे. मला त्या दुमडलेल्या कोपऱ्याचा राग यायचा.

त्या दिवशी दुपार कलली होती. पाहुणे यायचे होते, म्हणून मी चित्र लावून बघत होते. अण्णा खुर्चीतून उठले, कोपरा नीट दुमडायला वाकले, आणि त्यांच्या मागे प्रोजेक्टर खाली आला. फळीचा तुकडा घेऊनच आला, खुर्चीच्या बैठकीवर — जिथे ते नुकते बसले होते, तिथे. पडद्यावरचं चित्र भिंतीवरून घसरलं आणि विझलं.

विजय अंगणातून धावत आला. "काय झालं?"

मी म्हटलं, "धक्का बसला."

मी या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्या कुठल्या गावात याचा अर्थ झाला असता की बाई हादरली. आणि मी हादरले होतेच. तेव्हा मी खोटं बोलले का? पण आमच्या भागात या शब्दांचा एकच अर्थ आहे, आणि तो मला माहीत होता. शिवाय विजयने पुढे विचारलं, "मोठा होता?" आणि मी म्हटलं, "हो, बऱ्यापैकी." याला दुसरा अर्थ नाही.

का म्हटलं? मी सुतार नको म्हणाले होते म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, मिळालं नाही.

मग जे झालं, ते मला अजून नीट समजलेलं नाही.

विजय म्हणाला, "तरीच. मला वाटलंच, पायरी हलल्यासारखी." स्वयंपाकघरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, ताटाळं वाजलं. शेजारच्या वाडीतले काका कुंपणापाशी आले. त्यांच्या विहिरीचं पाणी हललं होतं, त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आधी गडगड ऐकू आली होती. थोड्या वेळाने सुलभाचा फोन. "वहिनी, तुमच्याकडे पण जाणवला ना? माझा तर दिवा झुलत होता." मी फोन कानाला लावून उभी राहिले. जे झालंच नव्हतं, ते तलासरीपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात काही आलं नाही, तर लोक म्हणाले, बारीक धक्के कुठे छापतात? महिन्याभरात त्या धक्क्याला तपशील फुटले. कुत्री रडली होती. पाखरं उडाली होती. एकदा अंथरुणात पडल्यापडल्या मलाच वाटून गेलं, हललं असेल का खरंच? पण मग तो चौथा स्क्रू आठवायचा, गरगर फिरणारा.

सगळ्यांना जाणवला. एका माणसाला नाही.

त्या दुपारी, गडबड चालू असताना अण्णा तसेच उभे होते. कोपरा दुमडलेला, दोन्ही पाय लादीवर. ते पायांकडे बघत होते. मग मला म्हणाले, "मला कशी नाही कळली गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. "अण्णा, तुमचे पाय बरोबर आहेत, माझा स्क्रू चुकला." दहा शब्दसुद्धा नाहीत. मी म्हटलं, "वय झालं, अण्णा. होतं असं."

हेच ते. प्रोजेक्टर पडला ही चूक होती, धक्का म्हटलं हे खोटं होतं, पण हे जे बोलले, त्याला मी काय म्हणू?

सुताराने आडवी पट्टी टाकली, मग मी प्रोजेक्टर पक्का बसवला. अण्णा बदलले. आधी रात्री आत झोपणं सोडलं, ओटीवर खाट घेतली. म्हणाले, "आता मला कळत नाही, तर आत कशाच्या भरवशावर झोपू?" वाडीत जाणं कमी झालं. पायात चपला आल्या — घरातसुद्धा. मग ते मधेच थांबून माझ्याकडे बघायला लागले. "आत्ता हलली का?" कधी काहीच नसायचं, कधी रस्त्यावरून ट्रक गेलेला असायचा. मी नाही म्हटलं की मान हलवायचे. ज्यांना घर विचारायचं, ते मला विचारायला लागले. मला, जिला कधीच काही कळलं नव्हतं.

आणखी एक राहिलं. ते टाळायलाच मी इतका वेळ काढत होते.

पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी आम्ही दोघंच त्या खोलीत होतो. पडद्यावर काहीतरी जुनं चाललं होतं. अण्णांनी किती दिवसांनी चपला काढल्या, कोपरा दुमडला, पाय टेकवले. थोड्या वेळाने त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आली."

मी पडद्याकडे पाहिलं. चित्राची कड थरथरली. काळ्या चौकटीवर उजेडाची रेघ खालीवर झाली आणि थांबली. भांडी वाजली नाहीत, बाहेर कुणी ओरडलं नाही. इतका बारीक होता, की फक्त यंत्राने पकडला आणि त्यांनी.

त्यांची दृष्टी मंदावली होती. कड त्यांना दिसली नव्हती. ते माझ्याकडे वळले. "आली ना?" त्यांचा चेहरा — लहान मुलाने उत्तर बरोबर आलं का म्हणून मास्तरांकडे बघावं, तसा होता.

आज त्यांचे पाय खरे ठरले, तर त्या दिवशीचेही खरे ठरतात. हे माझ्या डोक्यात शब्दांत आलं, स्पष्ट. मी घाबरून बोलले असं नाही. विचार करून बोलले.

"नाही, अण्णा. पंख्याने पडदा हलला."

मग वाकून त्यांनी कोपरा परत सरळ केला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात तलासरीजवळच्या सौम्य धक्क्याची चार ओळींची बातमी होती. रोज संध्याकाळी पेपर मीच त्यांना वाचून दाखवायचे. त्या चार ओळी मी गाळल्या. खालचे बाजारभाव वाचले.

पुढच्या थंडीत ते गेले. ओटीवर, झोपेत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

खोली अजून चालते. पाहुण्यांना आवडते. कधीकधी सिनेमाच्या मध्ये चित्राची कड थरथरते, आणि कुणीतरी अंधारातून विचारतं, "काकी, हललं का?" मी मागे उभी असते. गालिच्याचा कोपरा दुमडलेला असतो. तो मीच दुमडते. चपला काढून पाय लादीवर दाबून धरते. लादी थंड असते, दुसरं काही नसतं.

मी सांगते, मला माहीत नाही.