टपावरचं बिऱ्हाड

आम्ही हैदराबादला निघालो ती सकाळ धुक्याची होती. इंदापुरात सासरच्या घरापुढे गाडी उभी होती. डिकी भरली होती, मागच्या सीटवर भांड्यांचे खोके होते, आणि तरी अर्धं सामान ओसरीवर पडून होतं. तेव्हा अमोलनं, माझ्या नवऱ्यानं, सीटखालून उशीएवढी एक घडी बाहेर काढली. ती उलगडत गेली तशी मोठीच होत गेली. राखाडी रंगाची, मेणकापडासारखी, कडेनं पट्टे लोंबणारी पिशवी. गाडीच्या टपावर आडवे दांडे त्यानं आधीच बसवून घेतले होते. त्यावर पिशवी पसरली, तिची चेन उघडली, आणि ओसरीवरचं सामान एकेक करत वर जायला लागलं. वाकळा, ज्वारीचं पोतं, पाटा-वरवंटा नको म्हणताना तोसुद्धा. शेवटी पाटा मी खाली उतरवून घेतला.

"आन पाऊस आला तर?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी आत्या म्हणते.

"पाण्यानं काय होत न्हाय, आई. त्यासाठीच घेतली हाय," अमोल म्हणाला.

माझे सासरे, आबा, गाडीभोवती फिरून फिरून ते पाहत होते. मग पिशवीवर घोड्याच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटून म्हणाले, "खोगीर हाय हे. गाडीला खोगीर घातलं पोरानं."

आबांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्यांच्या वडिलांनी उतारवयात कळप विकून इंदापूरजवळ रान घेतलं, तेव्हापासून माणसं एका जागी राहिली. आता तिथं डाळिंबाची बाग आहे. पण आबांचं लहानपण वाटेवरच गेलं. दिवाळी झाली की कळप कोकणाकडे निघायचा आणि सगळं बिऱ्हाड घोडीवर लादलेलं असायचं. भांडी, घोंगड्या, पिठाची पिशवी, कोंबड्यांचं डालगं, आणि सगळ्यांत वर लहानगे आबा.

"माझ्या आईचं समदं घर एका घोडीवर मावायचं," ते त्या सकाळी मला म्हणाले. "वर बसलं की डोळा लागायचा. जाग आली की दुसरंच गाव."

मी हसले, पण माझं लक्ष रस्त्याकडे होतं. माझी आई सांगवीहून पहाटेच्या एसटीनं आली होती, बारामतीला गाडी बदलून, मांडीवर लोणच्याची बरणी धरून. तात्या, माझे वडील, आले नव्हते. येणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी धुक्यातून एखादी जीप पुढे येताना दिसली की तात्यांचीच असेल म्हणून मी रस्त्यापर्यंत जायचे. आणि जीप निघून जायची.

सांगवीला आमचा ऊस. पाटाच्या कडेला काळं रान, साखर कारखान्याचं सभासदत्व, आणि तात्यांचा एक ठाम समज, की माणसानं जमिनीला धरून राहावं. बारामतीच्या कॉलेजात अमोल माझ्या वर्गात होता. आमचं जमलं, तेव्हा तात्या एकदाच बोलले होते. "ज्यांचा पाय कधी एका जागी ठरला न्हाय, त्यांच्यात तू काय ठरणार?" मग ते बोललेच नाहीत. लग्नाला आई आली, मामा आले. तात्या त्या दिवशी उसाला पाणी देत होते, असं आईनं सांगितलं.

धुकं विरळ व्हायच्या आत आम्ही निघालो. सोलापूर रोडला लागून गाडीनं वेग घेतला आणि डोक्यावर कसली तरी गुणगुण सुरू झाली. सखल, एकसुरी, लांबून आल्यासारखी. मी सीटला डोकं टेकून डोळे मिटले आणि मला वाटलं, आपण सांगवीच्या घरात माजघरात निजलोय आणि दूर कारखान्याचा भोंगा नव्हे, त्याच्या यंत्रांची ती घरघर ऐकू येतेय, जी गाळपाच्या दिवसांत रात्रंदिवस आमच्या गावावर पसरलेली असायची.

"पट्टा वाजतोय वाऱ्यानं," अमोल म्हणाला. "त्याला एक पीळ दिला की थांबेल. गाडी बाजूला घेऊ?"

"राहू दे," मी म्हणाले. "वाजू दे."

त्या गुणगुणीतच सोलापूर मागे पडलं, मग तुळजापूरचा फाटा, उमरगा. मी अर्धवट झोपेत होते. जाग आली तेव्हा पाट्यांवरची अक्षरं गोल झाली होती. दुसरंच गाव.

तुमच्यापैकी जे कोणी असेच निघून गेलात, त्यांना नव्या शहरातले पहिले महिने कसे असतात ते सांगायला नको. अमोल औषधांच्या कंपनीत जायचा, मी दिवसभर मियापूरला, एका इमारतीतल्या भाड्याच्या रूमवर. लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तर मी हसायचे, कारण उत्तराला शब्द नसायचे. एका संध्याकाळी कोपऱ्यावर एक बाई गाडीवर ज्वारीच्या भाकरी थापताना दिसली. जोन्न रोट्टे म्हणतात तिथं. परातीत हात फिरवून तिनं पिठाचा गोळा असा काही गरगर फिरवला, की मला आईचे हात दिसले. मी तिथंच उभं राहून भाकरी खाल्ली. तिनं तेलुगूत काही विचारलं. मी मराठीत काही सांगितलं. तिनं दुसरी भाकरी वाढली. पुढे मला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं, मग सई झाली, आणि हळूहळू माझ्या तोंडी, काही हरकत नाही म्हणायला, परवालेदु बसलं, डाळीला पप्पू म्हणायची सवय झाली. सई तर बोलायला लागली तीच हैदराबादी ठसक्यात. फोनवर आजीला म्हणायची, "हौ आजी, नक्को आजी," आणि पलीकडे आई पदर तोंडाला लावून हसायची.

दर दिवाळीला मात्र ती राखाडी घडी कपाटातून निघायची. जाताना ती जवळजवळ रिकामी असायची, येताना फुगलेली. त्या पिशवीवरून दोघी आयांचं न बोलता भांडण चालायचं. आत्यांनी डाळिंबं आणि घरची हळद भरली की आई शेंगांचं पोतं पुढे करायची. आत्यांनी घोंगडी घातली की आई वाकळ. आबा टपाकडे बघत म्हणायचे, "बायांनो, घोडी बसंल खाली." सांगवीला मात्र आम्ही जात नव्हतो. आईच इंदापूरला यायची, एसटीनं, दर वेळी एकटी.

ज्या दिवाळीची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी आईचा गुडघा फार दुखत होता. ती येईल अशी मी आशा सोडली होती. आम्ही निघायच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, अवकाळी. अंगणात गाडी उभी, टपावर पिशवी भरलेली, पण पट्टे सुटे. सईला घाटात, वळणात, कुठंही गाडी लागते, म्हणून अमोल तिला घेऊन आबांच्या मोटारसायकलवर बाजारात तिची गोळी आणायला गेला होता. वारा सुटला तशी पिशवीची कड फडफडायला लागली.

एवढ्यात रस्त्याच्या कडेला एक जीप थांबली. आई उतरली, एका हातानं दार धरत. जीप चालवणारा माणूस उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. मी जिथं होते तिथंच उभी राहिले.

"आत बोलव त्यास्नी," आत्या हळूच म्हणाल्या. माझ्या दोन्ही हातांत तुपाचं भांडं होतं, आणि ते खाली ठेवावं हेही मला सुचलं नाही.

आबांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला पाऊस यायच्या आत पट्टे आवळायच्या घाईत होते. त्यांनी एक पट्टा टपावरून अलीकडे फेकला आणि ओरडले, "आरं, कुणीतरी धरा की तिकडनं! भिजंल समदं!"

पट्टा वाऱ्यानं हेलकावे खात होता. जीपचं दार वाजलं. मी वळून पाहिलं, तर तात्या फाटक उघडून आत येत होते, भरभर, जणू त्यांचंच काही उघड्यावर पडलं होतं. माझ्याकडे न बघता ते माझ्या बाजूनं गेले आणि त्यांनी तो पट्टा पकडला.

"वढू का?" तात्यांनी विचारलं.

पलीकडची पट्ट्यांची ओढाताण थांबली. भरलेल्या पिशवीवरून दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. पण आबांनी आवाज ओळखला असणार. लग्न ठरवायला ते सांगवीला गेले होते तेव्हा याच आवाजानं त्यांना चहाही न विचारता परत पाठवलं होतं.

"वढा," आबा म्हणाले. "पर लई आवळू नका. शिवण उसवंल."

"आता टाकू का तुमच्याकडं?"

"येऊ द्या."

पट्टा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. "हां, धरलं." "जरा ढिलं सोडा." "आता वढा." एवढंच बोलणं. शेवटचा हूक अडकला आणि पावसाचे टपोरे थेंब पिशवीवर वाजायला लागले. दोघं म्हातारे पळत ओसरीवर आले आणि एकमेकांशेजारी धापा टाकत उभे राहिले, कारण उभं राहायला तेवढीच कोरडी जागा होती.

तात्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. टपावरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मग मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "पाणी आत जात न्हाय न्हवं?"

लग्नानंतर माझे वडील माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य.

"न्हाय तात्या," मी म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून गावचं बोलणं असं आपोआप आलं नव्हतं.

"आन चेनीतनं?"

"चेनीवर झाकण हाय."

"मग बरं हाय," ते म्हणाले.

मी तुपाचं भांडं आत्यांच्या हातात दिलं आणि रडले. आत्या चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात अमोल आणि सई ओलेचिंब होऊन आले, आणि सई सरळ तात्यांपुढे जाऊन उभी राहिली, कारण नवीन माणूस तोच होता.

"हिचं नाव काय ठेवलं?" तात्यांनी आईला विचारलं.

"जसं काय ठावच न्हाय," आई म्हणाली. "रोज झोपताना तिचं फोटू बघता ते?"

आबा मोठ्यानं हसले. तात्यांनी सईला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं.

पाऊस थांबायची वाट बघत चहा झाला. आबांनी घोडीची गोष्ट काढली. तात्या बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "माझ्या वडलांच्या येळंला आमच्या रानात मेंढरं बसायची. खतासाठी बोलवायचे."

"कुठं?"

"सांगवीला. पाटाच्या कडंला."

आबांनी बशी खाली ठेवली. "सांगवीला आमी बसायचो की. लिंबाच्या तीन झाडांपशी."

"तितं आमचंच रान," तात्या सावकाश म्हणाले. "आमच्या शेजाऱ्याचं बी."

कुणाच्या रानात, ते आबांना आठवेना. ते फार लहान होते. त्यांना फक्त एवढं आठवत होतं, की तिथल्या एका घरातून त्यांच्या आईला गरम भाकरी आणि कांदा मिळाला होता. मी तेव्हापासून कितीदा तरी ते डोळ्यांसमोर आणलं आहे. संध्याकाळची वेळ, धूळ, कळप रानात शिरतोय, लादलेल्या घोडीवर पेंगुळलेलं एक पोर. बांधावर त्याच्याच वयाचं दुसरं पोर, ज्याला घराबाहेर कधी झोपावं लागलेलं नाही. ते एकमेकांकडे बघतात. हे घडलंच असेल असं नाही. पण मला ते दिसतं.

त्यानंतर सांगवीचं दार उघडलं. तात्या हैदराबादलाही येऊन गेले. आठवडाभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि जाताना म्हणाले, "शेजार बरा हाय." मला एवढं पुरे होतं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. आम्ही पोचेपर्यंत तात्या इंदापुरात आत्यांजवळ बसून होते. सगळं उरकून आम्ही परत निघालो, तेव्हा भरायला कुणी काही आणलं नाही आणि टप मोकळाच राहिला. संपूर्ण रस्ताभर डोक्यावरची ती गुणगुण नव्हती. उन्हाची झळ आणि वितळल्यासारखा दिसणारा डांबरी रस्ता, त्यावर पाण्याचे खोटे डोह.

आम्ही पोचलो की पहिला फोन नेहमी आबांचा यायचा. "पोचला का रं?" एवढंच विचारायचे. त्या संध्याकाळी मी दार उघडलं, दिवा लावला, आणि माठातलं शिळं पाणी ओतून देताना एकदम लक्षात आलं, की आता तो फोन येणार नाही. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. खाली भाजीवाला तेलुगूत ओरडत होता, आणि तो काय म्हणतोय ते मला सगळं समजत होतं.

तेव्हा फोन वाजला. तात्यांचा.

मी फोन केला की तात्या विचारायचे, "घरी कवा येणार?" घर म्हणजे सांगवी. मीसुद्धा तसंच म्हणायचे. हैदराबादला आम्ही 'रूमवर' म्हणायचो, मग 'फ्लॅटवर'. रूम सुटली, फ्लॅट झाला, त्याला पडदे लागले, सईची उंची भिंतीवर पेन्सिलीनं चढत गेली, पण 'घर' हा शब्द आम्ही तिकडेच ठेवून आलो होतो.

"पोरी," तात्या म्हणाले, "घरी पोचली का गं?"

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, त्यांनी मला आपल्या घरातून काढून टाकलं, आणि त्याच वेळी वाटलं, त्यांनी मला घर दिलं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं. तात्या वाट बघत होते. त्यांच्या मागे कुठंतरी मोटार चालू होती, उसाला पाणी चाललं होतं.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "घरी पोचले."

"मग जेव काहीतरी," ते म्हणाले. "आन पोरीला लवकर निजव. दमली आसंल."