किसनच्या शिळेवरचा कॅम्प

पंचवीस जानेवारीला सकाळी नऊ वाजता मी बोरी अरबच्या शाळेत रिपोर्ट केलं. मी पायदळातला निवृत्त हवालदार. दुसऱ्या दिवशी स्मृतिशिळेचं अनावरण माझ्या हातून व्हायचं होतं. कापड उचलून पाहिलं. कोरलं होतं, 'लान्स नायक किसन राठोड. कॅम्पमध्ये निधन.'

"हा दगड लागणार नाही," मी म्हणालो.

सरपंच कातावले. "हवालदार साहेब, पेपरात छापलं होतं थेच कोरलं. उद्या झेंडावंदन हाये. आता कायले अडून बसता?"

त्यांनी जुनं कात्रण पुढे केलं. त्याच पानावर उमरखेडला मोतीबिंदूचा कॅम्प, मारेगावला जनावरांना लस टोचायचा कॅम्प, मंत्र्यांचा दौऱ्यातला मुक्काम तोही कॅम्प. तळाशी चार ओळींत किसन. ती बातमी पाठवणारे गुरुजी समोरच बसले होते. शाळा सांभाळून वार्ताहरकी करायचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत.

"त्या जमान्यात आमी सगळ्यालेच कॅम्प लिवत होतो," ते म्हणाले. "घर सोडून माणूस राह्यला का झाला कॅम्प. ट्रंककॉल तीन मिनिटांचा. कोण इचारत बसते?"

गुरुजींवर माझा राग नव्हता. तो शब्द इतकी वर्षं मलाच सोयीचा पडला होता. राग होता तो माझ्या त्या सोयीचा. पण त्या दिवशी मी ठरवलं, आता पुरे.

मी उभं राहून सांगितलं. किसनची आई खुर्चीवर होती. सगळा बंजारा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. मीही तेच म्हणतो.

किसनची आणि माझी चौकी उत्तरेच्या सीमेवर, बर्फात. आठ माणसं, एक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन. झोपायचा बंकर खाली, पहाऱ्याचा मोर्चा शंभर पावलं वर, मध्ये टेलिफोनची तार. नियम एकच. बदलीचा माणूस येऊन "मैंने संभाला" म्हणेपर्यंत संतरीनं जागा सोडायची नाही. किसनची ड्युटी पहाटे चार ते सहा. सहाला मी जायचं. थंडीनं बोटं वळत नव्हती. मी चहाचा दुसरा मग घेतला.

सहा वाजून पाच मिनिटांनी वरून किसनचा फोन वाजला.

"बदली?"

"येऊन राह्यलो."

"चा पिऊन घे बे. मी हावो."

सहा दहाला समोरून फायर आला. वर किसनची एलएमजी लगेच सुरू झाली. मी धावत सुटलो. अर्ध्या वाटेत ती थांबली. पोचलो तेव्हा सहा बारा. गोळी छातीत होती. तो गेला होता. तरी मी "मैंने संभाला" म्हणालो आणि गन घेतली. चौकी आम्ही सोडली नाही.

रिपोर्टमध्ये वेळ लिहिली गेली. पण गावात कुणी विचारलं, की मी म्हणायचो, पेपरात आलंय तेच.

सरपंच हळूच जवळ आले. "दुसऱ्या मगाचं कायले सांगता लोकायले? तुमचंच नाव खराब होईन."

"होऊ द्या. दगडावर माझं नाव नाही, किसनचं आहे."

याडी उठली. "मले सारे सांगत, तंबूत बिमार पडून, निजेत गेला. नव्हता निजला माहा पोरगा?"

"नाही याडी. जागा होता. माझ्या वाटणीचं जागत होता."

"इतके वर्सं माह्या घरी येऊन चा पेत होता तू," ती म्हणाली. "बोलला नाही."

मी सावधान उभा राहिलो. दुसरं काही येत नव्हतं.

सव्वीस तारखेला झेंडा फडकला, शिळा झाकलेलीच राहिली. सरपंच म्हणाले, खर्च कोण करेल. मी म्हणालो, मी. गुरुजी म्हणाले, बातमी माझी होती, दुरुस्तीही मीच पाठवतो. नवा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिला, शब्द मी सांगितले. महिन्याभरात शिळा उभी राहिली. याडीला वाचता येत नाही. तिनं गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं.

'लान्स नायक किसन राठोड. चौकीच्या पहाऱ्यावर शहीद. ड्युटी सहापर्यंत. वीरमरण सहा वाजून बारा मिनिटांनी.'

गुरुजींनी दाखवलेल्या त्या बारा मिनिटांवरून तिनं बोट फिरवलं. मग तांड्याकडे निघाली. त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही. अजूनही विचारलेला नाही.

मी रोज सकाळी सहाला पाच कमी असताना शिळेपाशी पोचतो. सहा बारापर्यंत उभा राहतो.