तिसरं कोटेशन

तक्तेसाहेबांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि पेन्शनच्या कागदांना ठाऊक. बाकी सगळ्या गल्लीसाठी ते तक्तेसाहेब. पस्तीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात त्यांनी एकच काम केलं, वस्तूंचे तुलनात्मक तक्ते बनवण्याचं. खुर्ची असो, झाडू असो की दाराची कडी, तीन कोटेशनं येऊन तक्त्यात बसल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नसे. एकदा पंख्यांचा तक्ता पूर्ण होईतो उन्हाळाच संपला. तेव्हा त्यांनी फायलीवर शेरा मारला, 'गरज न उरल्याने खरेदी रद्द.' काटकसरीबद्दल त्यांचा सत्कार झाला. घामाने निथळलेल्या लोकांनीच टाळ्या वाजवल्या, कारण सत्काराला चहा होता.

माणूस निवृत्त होतो, पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

थंडी सरता सरता एक वादळ झालं आणि परसातलं जुनं झाड आडवं झालं. सोळा इंच जाडीचा बुंधा, लाकूड असं कठीण की खिळा वाकावा. त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या आक्काने शाळा सोडून या धाकट्याला वाढवलं होतं. यंदा तिच्या छातीने दगा दिला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढची थंडी त्या ओल धरलेल्या घरात काढलीत तर पुढचं मला विचारू नका.

"तू इकडे ये," साहेब म्हणाले. "मागच्या खोलीत लाकडाची शेगडी आहे आणि लाकूड तर आपणहून दारात येऊन पडलंय. खोली गरम असेल. माझा शब्द आहे, आक्का."

शब्द त्यांनी मनापासून दिला होता, हे खरं. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट माणसं निदान वेळेवर काहीतरी करतात.

फोन ठेवेपर्यंत बायकोने अडगळीतून दोन मुठींची लांब करवत बाहेर काढली होती. तिच्या वडिलांची लाकडाची वखार होती, करवत तिथलीच. दोन माणसांनी दोन टोकं धरून ओढायची.

"एक टोक तुम्ही धरा, एक मी धरते," ती म्हणाली. "रोज तासभर. उन्हाळा सरेपर्यंत होऊन जाईल."

साहेब समजूतदारपणे हसले. "अगं, हे सगळं आता कालबाह्य झालं. आपण साखळीची करवत घेऊ, यंत्राची. फक्त योग्य ती घेऊ."

'योग्य' हा शब्द ऐकताच बायकोने करवत भिंतीला टेकवली आणि पदराने हात पुसले. लग्नाच्या वेळी तिचं स्थळही त्यांनी तक्ता करूनच पसंत केलं होतं आणि त्या तक्त्याला किती महिने लागले होते ते तिला आठवत होतं.

साहेबांनी आखीव कागद काढला. पेट्रोलची, बॅटरीची, वायरची. पट्टीची लांबी, इंजिनाची ताकद, वजन, आवाज, हाताला बसणारी थरथर, तेल किती पिते. कागद आडवा पुरेना म्हणून खाली दुसरा चिकटवला. आणि तिथेच घोडं अडलं. माहितीपत्रकांत दोन गट होते. जळणासाठी हलकी चौदा इंची पुरते, कठीण लाकडासाठी दणकट अठरा-वीस इंची हवी. आता परसातलं लाकूड कठीण होतं, पण होतं जळणासाठी. मग ते कोणत्या गटात धरायचं? या मुद्द्यावर साहेबांची फाइल साहेबांच्याच टेबलावर तीन आठवडे पडून राहिली.

शेवटी ते करवतींच्या दुकानात गेले. दुकानदाराच्या भुवयांत भुसा बसलेला होता. त्याने एका दमात सांगून टाकलं.

"बुंधा सोळा इंची ना? मग पट्टी अठरा इंची. इंजिन मधलं. आणि धारेकडे लक्ष ठेवा. जाड किस उडतोय तोवर धार आहे, पीठ पडायला लागलं की गेली. दुसरं म्हणजे, ओलं आहे तोवर कापा. अख्खं ठेवलंत तर वरून लोखंड होईल आणि आतून ओलं राहील. ना कापायचं, ना जाळायचं."

"हे लेखी द्याल?" साहेबांनी विचारलं.

दुकानदाराने त्यांच्याकडे बघितलं आणि करवतीचं कोटेशन लिहून दिलं. 'ओलं आहे तोवर कापा' याला तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून ते राहून गेलं. पुलापलीकडच्या दुसऱ्या दुकानानेही कोटेशन दिलं. तिसरं दुकान गावात नव्हतं.

दुसरा कुणी असता तर दोनांतली एक उचलून घरी आला असता. साहेबांच्या नियमात दोन म्हणजे शून्य. त्यांनी लांबलांबच्या गावांना पत्रं धाडली, स्मरणपत्रं धाडली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं धाडली. कागदी घोडे असे नाचले की पोस्टमन त्यांच्या फाटकाशी सायकलवरून उतरेनासा झाला. पत्रं नुसती जायची, उत्तर म्हणून आणायला त्याच्याकडे काहीच नसायचं.

झाडासाठी त्यांनी एक काम मात्र हाताने केलं. शेगडीचं तोंड मोजलं आणि अख्ख्या झाडावर दर चौदा इंचांवर लाल तेलखडूने रेघ मारली. पट्टी लावून, नीट. मग तक्त्यात लिहिलं, 'जागेची पाहणी पूर्ण,' आणि त्यानंतर ते परसात फिरकले नाहीत. झालेली पाहणी पुन्हा करायची म्हणजे पहिलीवर अविश्वास दाखवणं.

बायकोने शेजारच्या बेकरीवालीला हाक मारली. तिची भट्टी दुपारी शांत असे. दोघी रोज दुपारी, साहेब पोस्टात गेले की, करवतीची टोकं धरत. साहेबांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. "फांद्या-बिंद्या कापा हवं तर," ते म्हणाले. "ती अंतरिम व्यवस्था समजू. मुख्य बुंध्याला मात्र हात लावू नका, तो यंत्राचा आहे."

"बरं," बायको म्हणाली. संसारात हा शब्द तिने इतक्या वेळा वापरला होता की त्याचा अर्थ 'हो' होतो असं साहेबांना अजून वाटत होतं.

पानं पिवळी पडायला लागली तसे साहेब रात्री दचकून उठू लागले. आक्का फोनवर खोकायची आणि मध्येच विचारायची, "खोली तयार आहे ना रे?" ते "प्रक्रिया सुरू आहे" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तक्त्याकडे बघत बसायचे. त्यांना मनापासून भीती वाटत होती. पण भीती वाटली म्हणून नियम मोडतो, तो कसला खरेदी विभागाचा माणूस?

एका सकाळी चहाच्या कपाशेजारी बंद पाकीट होतं. आत बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विषय: झाड कापून, फोडून, वाळवून, रचून देणे. साधन: हातकरवत. मुदत: आठ दिवस.'

साहेबांचा चेहरा उजळला. तिसरं कोटेशन! त्यांनी ते तक्त्यात चढवलं आणि निर्मळ मनाने त्यापुढे शेरा मारला, 'अपात्र. यंत्र नाही. मुदत अवास्तव.' तीन पूर्ण झाली होती. त्यांनी टोपण काढून सही केली आणि थेट भुसाभरल्या भुवयांच्या दुकानात जाऊन अठरा इंची मागितली.

"संपली," दुकानदार म्हणाला. "थंडी तोंडावर आली, लोकांनी नेल्या. मागवतो. महिना धरा."

महिन्याने वरातीमागून घोडं आलं. पेटी खांद्यावर घेऊन साहेब धापा टाकत घरी पोचले, तर आक्का त्याच दिवशी सकाळच्या गाडीने येऊन बसलेली. बाहेर हात काकडत होते आणि मागच्या खोलीत आक्का शाल बाजूला टाकून बसली होती. शेगडी पेटलेली होती. भिंतीशी छातीइतकी लाकडं रचलेली होती, वाळून खणखणीत, आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या कडेला लाल तेलखडूची अर्धी रेघ होती. बायकोने त्यांच्या खुणांवरच कापलं होतं, एक बोटही इकडेतिकडे नाही. ही लाकडं त्या सकाळीच बेकरीतून आली होती; बाकीची रास तिथल्या भट्टीमागच्या भिंतीला लागून उन्हाळाभर वाळत होती, हे गावात साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"ये रे धाकट्या," आक्का म्हणाली. "शब्द पाळलास हो. तुझी बायको म्हणाली, सगळं मोजमाप तुझंच." तिने त्यांचे हात हातात घेतले, लहानपणी घ्यायची तसे. अंगठ्याने तळवा चाचपला. मग शेगडीत लाकूड सारणाऱ्या भावजयीला जवळ बोलावलं आणि तिचाही तळवा उलटा केला. तो घट्ट्यांनी भरलेला होता.

"एवढं झाड कापलंस, आणि हात लोण्यासारखा?"

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांत कुणी त्यांची अशी तपासणी केली नव्हती.

"मी नाही कापलं, आक्का," ते म्हणाले. "मी करवत आणली."

"आता कशाला?"

ते सांगायला लागले. पट्टी अठरा इंची, इंजिन मधलं, थरथर कमी... आणि मध्येच थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सहा महिन्यांनी परसात गेले. बुंध्याचा शेवटचा टप्पा उरला होता, जेमतेम तीन रेघांचा. बायको जुनी करवत लावून बेकरीवालीची वाट बघत होती. नवी पेटी ओसरीवर तशीच बंद होती. साहेबांनी त्या पेटीकडे एकदा पाहिलं आणि बायकोसमोर बसून करवतीची दुसरी मूठ धरली.

बायकोने करवत ओढायला सुरुवात केली. चार हिसके झाल्यावर म्हणाली, "ढकलू नका. फक्त ओढायचं. माझी पाळी आली की हात सैल सोडा."

"हे आधी सांगायचंस."

"आधी टोक कुठे धरलं होतंत?"

दुपारपर्यंत एक रेघ संपली. साहेब हात जपत मागच्या खोलीत गेले आणि आक्कापुढे तळवा उघडला. करंगळीखाली टपोरा फोड आला होता. आक्काने चष्मा लावला, हात उजेडाकडे धरून नीट पाहिला.

"एकच?" ती म्हणाली.