उंदरांनी खाल्लेली शाल

माझ्या थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मला कळलं की हल्ली लग्नाच्या आधीच नवरानवरीचे फोटो काढतात. लग्नात काढतात ते वेगळे. हे फक्त दोघांचे, कुठल्यातरी छान जागी, छान कपडे घालून. पुतणी मुंबईत वाढलेली, नोकरीही तिकडेच. नवरा मुलगा ठाण्याचा. तिला डोंगर हवा होता, थंडी हवी होती, धुकं हवं होतं. ते सगळं आपल्या गावाकडे असतं, हे तिला जानेवारीत आठवलं.

एका शनिवारी ती, तो मुलगा आणि महाडचा फोटोवाला असे तिघे आमच्या पडवीत येऊन बसले. जाऊबाई, म्हणजे तिची आई, आठ दिवस आधीच गावी आल्या होत्या. मी चहा दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. चार माणसांत बसून बोलणं मला जमत नाही. दारात उभं राहिलं की ऐकू सगळं येतं आणि कुणी काही विचारत नाही.

"काश्मीरचा फील आला पाहिजे," फोटोवाला म्हणाला. "अंगात लोकरीचं, तोंडातून वाफ, मागं पांढरं पांढरं."

"मग काश्मीरलाच न्या की," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, काश्मीरला जायला ह्यांना सुट्टी नाही. आंबेनळी घाटाला एक रविवार पुरतो."

सगळे हसले. मग प्रश्न आला की घाटात नक्की कुठं थांबायचं आणि किती वाजता. पुतणीनं फोनवर चार जागा दाखवल्या. फोटोवाल्याला त्या पटेनात. आणि तेव्हा आमचे हे बोलायला लागले.

ह्यांची पाशिंजर जीप आहे. पोलादपूरपासून वरच्या वाड्यांपर्यंत माणसं नेतात, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी पहाटे घाट चढून महाबळेश्वरहून गाजरं, स्ट्रॉबेरी आणतात. वीस-बावीस वर्षं हा माणूस त्याच रस्त्यानं चढतो आणि उतरतो. घरी आल्यावर त्या रस्त्याबद्दल मी एवढंच ऐकलंय की आज सिटं भरली नाहीत, आज टायर बसला, आज दरड आली.

त्या दिवशी ते म्हणाले, "खालची वळणं सोडा. तिथं ऊन उशिरा येतं, नुसता काळोख. वर घाट संपत आला की डाव्या हाताला गवताचा माळ लागतो. जानेवारीत सूर्य निघायच्या आधी त्या गवतावर दव बसतं, ते पांढरं फट्ट. मीठ पेरल्यावानी. चाललं तर पायाखाली करकर वाजतं. ऊन लागलं की दहा मिन्टांत खल्लास. आन् खाली दरीत धुकं भरलेलं असतं. पेज निवली की वर साय धरते ना, तसं."

"वा काका!" फोटोवाला म्हणाला. "तुम्ही तर आमच्या धंद्यातले निघालात."

पुतणी टाळ्या वाजवायला लागली. मी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होते. मला तो माळ माहीत नव्हता. मीठ पेरल्यासारखं दव माहीत नव्हतं. पेजेवरची साय रोज मी काढते, आणि तिच्यासारखं काही बाहेर असतं हे माझ्या नवऱ्यानं मला नाही, पुतणीला सांगितलं. लग्न तिचं, नवरा तिचा, फोटो तिचे. हे तरी माझं असायला हवं होतं.

त्यात फोटोवाला म्हणाला, "आता एक काहीतरी लाल पाहिजे. पांढऱ्यावर लाल उठून दिसतं."

"काकी!" पुतणी माझ्याकडे वळली. "तुझी ती लाल शाल! गणपतीत आले होते तेव्हा पेटीत बघितली होती. दे ना, प्लीज."

"ती उंदरांनी खाल्ली," मी म्हणाले.

इतक्या माणसांसमोर इतक्या ठणठणीत आवाजात मी कधी बोलले नव्हते. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. ह्यांना माहीत होतं. चारच दिवसांपूर्वी त्यांनी लायसनचे कागद काढायला पेटी उघडली होती, आणि शाल वरच होती, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी चहाच्या कपात बघितलं आणि म्हणाले, "व्हय, खाल्ली. लय उंदीर झालेत."

"शालच बरी गावली गो उंदरांना," जाऊबाई म्हणाल्या. "बाकीच्या लुगड्यांना दात नाय लावला?"

"लोकरीची होती," मी म्हणाले आणि ट्रे घेऊन आत गेले.

ती शाल ह्यांनी महाबळेश्वरच्या बाजारात घेतली होती. गाजरांची पोती उतरवता उतरवता माझ्या अंगावर टाकली, बोलले काही नाहीत. गावात ती पांघरून मी दोनदा पाण्याला गेले. "आल्या गो मडमबाई," असं विहिरीवर कुणीतरी म्हटलं. तिसऱ्यांदा मी ती घातली नाही. अंगावर घालायला लाज वाटली, पण दुसऱ्याच्या अंगावर बघायची तयारीही नव्हती.

पुढच्या रविवारी पहाटे निघायचं ठरलं. फोटोवाला महाडहून त्याच्या गाडीनं परस्पर वर येणार होता. थर्मासमधून चहा न्यायला आणि कपडे बदलताना आडोसा धरायला एक बाई हवी होती. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी. मी आढेवेढे घेतले, पण मनातून मला तो माळ बघायचा होता.

जीपमध्ये पुढं ह्यांच्या शेजारी पुतणी बसली, तिच्या पलीकडे नवरा मुलगा. मी मागं, पिशव्या आणि गोधडी घेऊन. दोघांनी एकच चादर मांडीवर ओढली होती आणि खाली हात धरलेले होते, हे मागूनही कळत होतं. ह्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आमचा दोघांचा एकत्र फोटो एकच आहे. घरकुल मंजूर झालं तेव्हा पाया खणलेल्या खड्ड्यापुढं उभं करून काढलेला. दोघांच्या मधे योजनेची पाटी आहे.

चढणीवर थर्मास कलंडला म्हणून मी सीटखाली हात घातला, तर हाताला एक प्लास्टिकची पिशवी लागली. आतली वस्तू मी न बघता ओळखली. लोकर होती. कडुनिंबाचा वास आला.

ह्यांनी शाल आणली होती.

तिच्यासाठीच, दुसरं काय. वर गेल्यावर काढणार, आणि सगळ्यांसमोर मी खोटारडी ठरणार. घाट कसा चढला मला कळलं नाही. ती पिशवी मी टाचेनं आणखी आत ढकलली.

वर पोचलो तेव्हा नुसतं फटफटत होतं. वारा नव्हता, पण थंडी दातांत शिरत होती. मी जीपच्या मागं गोधडी धरून उभी राहिले. पुतणीनं पांढरा झगा घातला, बाह्या नसलेला. ती पळत गेली. तिच्यामागं मीही चार पावलं टाकली, तर फोटोवाला ओरडला, "काकी, तुम्ही फोटोत येताय. जीपच्या मागं थांबा, हलू नका."

मी जीपच्या मागं थांबले. हातात तिचे कपडे. समोर जीपचं मागचं दार, स्टेपनी आणि डांबरी रस्ता. पलीकडून सगळं ऐकू येत होतं. गवताची करकर ऐकू येत होती. "जवळ या, अजून जवळ, कपाळाला कपाळ," फोटोवाला सांगत होता. आणि ह्यांचा आवाज, "बग बाय, आता तिकडं बग, दरीत. आत्ता. आत्ता बग." बावीस वर्षांत मी त्यांचा तसला आवाज ऐकला नव्हता. मी स्टेपनीकडे बघत उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीचं नव्हतं.

"काका, मरते मी थंडीनं!" पुतणी म्हणाली.

पावलं जीपकडे आली. पुढचं दार उघडलं. आता, मला वाटलं, आता काढतील. त्यांनी पुढच्या सीटवरचा आपला मफलर घेतला आणि गेले.

मला बोलावलं तेव्हा ऊन माळावर आलं होतं. गवत पिवळं होतं, ओलं होतं. आपल्या घरामागच्या परड्यात असतं तसं. मी सगळ्यांना चहा ओतला.

पुढचे फोटो महाबळेश्वरला तळ्यावर काढायचे होते. फोटोवाल्यानं दोघांना त्याच्या गाडीत घेतलं आणि ते वर गेले. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. मी सवयीनं मागच्या दाराकडे गेले.

"पुढं बस," हे म्हणाले.

"बरं हाय मागं."

त्यांनी सीटखालून पिशवी ओढून काढली. "ओठ काळे पडलेत तुजे. पांघर."

"तिच्यासाठी आणलीत ना?"

"उंदरांनी खाल्लेली शाल तिला कशी देणार?" ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. मी शाल हातातच धरून म्हणाले, "मला कधी दाखवलं नायत हे. एवढी वर्षं. तिला बोलावून दाखवलंत."

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी केली. मग म्हणाले, "तू कदी पुढं बसलीस? लगीन झाल्यापासून मागं बसतेस, बायांत. मागच्या माणसाला मागं पडलेला रस्ता दिसतो. येकदा मी इथं गाडी थांबवली व्हती. तुला उतर म्हनालो. तू म्हनालीस, सिटं खोळंबतील."

मला ती सकाळ आठवली. गाडी थांबली होती, हे मागं येऊन "उतर जरा" म्हणाले होते, आणि मागं बसलेल्या बाया एकमेकींना कोपरं मारून हसल्या होत्या. नवऱ्यानं चार बायांतून मलाच एकटीला उतरवायचं, ते कशाला, असं होऊन मी पदर घट्ट धरून बसून राहिले होते. त्यांनी दार लावलं. दोन तासांनी त्यांनी बाजारात ही शाल घेतली होती. ती त्याच दिवशी.

मी शाल पांघरली आणि पुढं बसले. पायरी उंच आहे पुढची, मला माहीत नव्हतं. खाली उतरताना दरीत धुक्याची चिंधी चिंधी उरली होती. "बग," ते म्हणाले, पण मघाच्या त्या आवाजात नाही. मी बघितलं.

पोलादपूर जवळ आलं तशी थंडी गेली. अंगाला घाम सुटला. उमरठच्या फाट्यावर आमच्या गावच्या दोघी जणी गाडीची वाट बघत होत्या. ह्यांनी गाडी थांबवली आणि मला विचारलं, "मागं जातेस काय?" अंगावरची शाल काढून पिशवीत घालायलाही तीच वेळ होती. घरी जाऊबाई होत्या.

"चला," मी म्हणाले. दोघी मागं चढल्या. कोपरं मारली असतील. मला पुढं दिसली नाहीत.

जाऊबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी जीपमधून उतरले तशा त्या वर बघून थांबल्या.

"अगो बाय! उंदरांनी परत इणून दिली वाटतं!"

माझे कान तापले. पळून आत जावं असं वाटलं. पण मी तिथंच उभी राहिले. "माझी हाय, ताई. मला द्यायची नव्हती."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मग तसं सांगायचं व्हतं गो. बिचाऱ्या उंदरांवर कशाला घातलंस?" आणि मला सूप सरकवून दिलं. पुतणीला त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही.

फोटो आले. पुतणीनं फोनवर पाठवले. माळ खरंच मीठ पेरल्यासारखा आहे. ती दोघं कपाळाला कपाळ लावून उभी आहेत, तिच्या गळ्यात ह्यांचा मफलर आहे, आणि एका कोपऱ्यात जीपचं टोक आलंय. त्या टोकामागं मी आहे. तो फोटो मी दोन बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा बघते. तो माळ तिनं आधी बघितला. ते काही आता बदलत नाही.

त्यानंतर मी दोनदा गाजरं आणायला पुढं बसून गेले. पहिल्या दिवशी वारा होता, दव धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही वारा होता, पण हे म्हणाले, कडेला सावलीत जरा असंल. मागं सहा सिटं होती. मी दार उघडलं आणि उतरले. सिटं खोळंबली.