'तिसरा जिना' आणि आमची सुपारीची शेड

असले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एकीने एक सांगितला की दुसरीला त्याच्या आधीचा आठवतो. मग लक्षात येतं, की चार वर्षं एका जागी बसून आपण सुपारी सोलली आणि त्या चार वर्षांत सुपारीविषयी जवळजवळ काहीच बोललो नाही.

जागा म्हणजे श्रीवर्धनमधली अप्पांची शेड. अप्पांच्या बागेतली सुपारी वाळली की सोलायला आम्ही चौघी बसायचो. पार्वतीकाकू सत्तरीच्या, आमच्यात सगळ्यांत जुन्या. रुक्सानाभाभी पन्नाशीच्या. सुगंधा तिशीची, तिचा नवरा जहाजावर. आणि चौथी मी. माझं माहेर पालीचं, शिक्षण बारावी, म्हणून कुणाचा अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे, आणि वाद मिटवायचा असला तरी माझ्याकडेच.

वाद एकाच गोष्टीवरून. रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर 'तिसरा जिना' नावाची मालिका लागायची. समुद्राकाठी इनामदारांचा बंगला. शर्वरी नावाची नर्स तिथे एका आजारी बाईच्या सेवेला येते. बंगल्याला जिने दोन, पण शर्वरीला तिसराही दिसतो, आणि त्यावरून उतरणारा इंद्रजित इनामदार दिसतो. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि मरून ऐंशी वर्षं झालेली! शर्वरी त्याच्या प्रेमात पडते. इकडे गावातला डॉक्टर समीर, चांगला जिवंत माणूस, तिच्यासाठी झुरतो. एवढ्या भांडवलावर मालिका चार वर्षं चालली आणि आमची शेडही.

*

रुक्सानाभाभी शाळेत कधी गेल्या नाहीत. प्रेमाबिमात त्यांना रस नव्हता. त्यांचं लक्ष घरावर.

एकदा सकाळी आल्या आल्या म्हणाल्या, की तो बंगला चुकीचा आहे. वरच्या मजल्यावर शर्वरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते तेव्हा अठरा पावलं टाकते. खाली त्याच भिंतीला धरून चालते तेव्हा अकराच. सुगंधा हसायला लागली. म्हणाली, भाभी, तो सेट असतो, पुठ्ठ्याचा, तिथे कुठली पावलं मोजता?

भाभींनी सोललेल्या साली ओढून घेतल्या आणि जमिनीवर भिंती मांडल्या. इथे स्वयंपाकघर, इथे देवघर, हा पहिला जिना, हा दुसरा. पाच मिनिटांत अख्खा बंगला आमच्या पायाशी उभा. मग स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये बोट ठेवून म्हणाल्या, "सात पावलांची जागा हाय इथं. दार न्हाय तिला."

आम्ही ते विसरून गेलो. दोन महिन्यांनी शर्वरीने हातोडा घेतला आणि भिंत फोडली. स्वयंपाकघर आणि देवघराच्या मधली. आत खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीत इंद्रजितची हाडं. माझ्या अंगावर काटा आला तो हाडांमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी भाभींना घेरलं. तुम्हाला कळलं कसं? त्या सुपारी सोलत राहिल्या. म्हणाल्या, "माझा बाप गवंडी होता. भिंत खोटं बोलायला लागली की त्याला जेवण जायचं न्हाय."

*

शर्वरीने लग्न कुणाशी करावं यावरून शेडमध्ये दोन पक्ष पडले होते. मी आणि भाभी डॉक्टरच्या बाजूने. माझं म्हणणं सरळ होतं. ज्याला हात लावता येत नाही, जो आजारपणात पेलाभर पाणी देऊ शकत नाही, त्याच्याशी संसार कसला? काकू कुठल्याच पक्षात नव्हत्या. इंद्रजितच्या बाजूने एकटी सुगंधा. आठवडाभर वाद चालला, आणि मी रोज नवा मुद्दा काढून तिला गप्प करत होते. मला त्याची मजाही वाटत होती, हे खरं सांगते.

शेवटी एका दुपारी ती म्हणाली, "वैनी, माझा नवरा नऊ महिने फोनमध्ये असतो. आवाज येतो, तोंड दिसतं, हात लागत नाही. मधेच रेंज जाते, तो जातो. मग मी काय करते ते तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी इंद्रजितच्या पक्षात गेले. भाभींनी मला गद्दार म्हटलं, पण हळू आवाजात.

*

अप्पा आम्हाला हसायचे. या मालिका म्हणजे बायकांचं डोकं फिरवायचे धंदे, असं त्यांचं ठाम मत. शेडमध्ये येऊन आमचं बोलणं ऐकायचे आणि मान हलवत निघून जायचे.

एकदा त्यांच्या आळीतली वीज संध्याकाळभर नव्हती. सकाळी आम्ही अजून बसतोच आहोत तोवर अप्पा दारात. आधी ऊन किती पडलंय ते बोलले. मग ओली सुपारी वर काढा म्हणाले. तरी जाईनात. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, "बाकी काही सांगू नका. ती जिना उतरली की नाही, एवढंच सांगा."

*

एका हिवाळ्यात इंद्रजित खुद्द आला. गाण्याचं शूटिंग आमच्याच किनाऱ्यावर होतं. आम्ही चौघी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेलो. जेवणाच्या सुट्टीत तो छत्रीखाली बसला होता. माणूस चांगला निघाला, बसा म्हणाला.

भाभींनी वेळ घालवला नाही. भिंतीतून आरपार जाणारा माणूस किल्ल्यांचा जुडगा हातात कसा धरतो, असं त्यांनी विचारलं. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, मला रोज सकाळी कागद देतात, तेवढं मी बोलतो, पुढचं-मागचं मलाही माहीत नसतं. मग त्यानेच भाभींना विचारलं, की तो तिसरा जिना वर नेमका कुठे निघतो? चार वेळा विचारलं तरी कुणी सांगत नाही. भाभींनी वाळूत बोटाने काढून दाखवलं. तो उकिडवा बसून बघत राहिला. त्याला बोलवायला आलेला माणूस दोनदा हाका मारून गेला.

निघताना पार्वतीकाकूंनी त्याचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला.

परत येताना वाटेत म्हणाल्या, "गरम हाय गो हात त्याचा."

पुढे आठ दिवस त्यांचं मालिकेत मन लागलं नाही.

*

मग वादळाचं वर्ष. दुपारपर्यंत सगळं झालं. अप्पांची निम्मी बाग आडवी. सुपारीचं झाड लावल्यापासून फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात ते इकडच्या माणसाला सांगायला नको. अप्पा पायरीवर बसले ते बसलेच.

वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. सोलायला सुपारी नव्हती. आम्ही बागेत पडलेली झाडं, झावळ्या ओढायला जात होतो. वादळाच्या आदल्या संध्याकाळी शर्वरीला कुणीतरी तळघरात कोंडलं होतं, तिथेच मालिका थांबली होती. एका सकाळी झावळी ओढता ओढता काकू म्हणाल्या, "ती तळघरात उठून बसली."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं. काकू पुढचा भाग सांगत होत्या.

रोज एक भाग. अंधारात शर्वरीला काय काय ऐकू येतं, भूक कशी लागते, इंद्रजित वरून हाका मारतो पण त्याला तळघराचा उंबरा कसा ओलांडता येत नाही. रोज ऐन रंगात आल्यावर थांबायच्या आणि म्हणायच्या, आता उद्या. आम्ही दुसऱ्या दिवशी लवकर यायला लागलो. चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पाही येऊन एका आडव्या खोडावर बसले. भाभी प्रत्येक भागात चूक शोधायच्या, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांना एकही सापडली नाही.

शेवटी शर्वरी सुटली ती अशी. तिच्या पायाला मुंगी चावली. रडता रडता ती थांबली. चार दिवस बंद असलेल्या तळघरात मुंगी आली कुठून? ती अंधारात गुडघ्यांवर बसली आणि हाताने चाचपत मुंग्यांच्या रांगेमागे गेली, भिंतीतल्या फटीपर्यंत. मग फटीतली माती नखांनी उकरायला लागली.

"मुंगी आली म्हणजे वाट हाय," काकू म्हणाल्या, आणि झावळी उचलून ढिगाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी रोपं आणायला माणूस धाडला.

वीज आल्यावर आम्ही मोठ्या हौसेने टीव्ही लावला, चुकलेले भाग पुन्हा दाखवत होते. चॅनलवाल्यांनी काय केलं, तर डॉक्टरने येऊन दार तोडलं आणि शर्वरी बाहेर. बस्स! आम्ही चौघींनी एकमताने ठरवलं, की मालिकावाल्यांचं चुकलं.

*

आता शेवटचा किस्सा.

भाभींच्या चुकांची यादी एवढी वाढली, की आम्ही चॅनलला पत्र लिहिलं. भाभींनी सांगितलं, मी लिहिलं, खाली चौघींची नावं. चार महिन्यांनी तिशीची एक मुलगी शेडच्या दारात उभी. मुंबईहून आली होती. रुक्सानाभाभी कोण, म्हणून विचारू लागली. ती 'तिसरा जिना' लिहिणारी निघाली.

आमच्यातच पोत्यावर बसली. म्हणाली, महिन्याभरात मालिका संपतेय आणि मला शेवट सुचत नाही. तुम्ही सांगा, शर्वरीने काय करावं?

चार वर्षं आम्ही याच प्रश्नावर भांडलो होतो. आता विचारणारीच समोर बसली होती. सुगंधा हातातली साल उलटीसुलटी करत राहिली. मी तर मान खाली घातली. भाभी म्हणाल्या, "मी चूक दाखवते. कुणी संसार कसा करायचा, ते मी न्हाय सांगत."

तेव्हा पार्वतीकाकू उठल्या, पदराला हात पुसले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "चल गो, विहिरीवर पानी पिऊ."

दोघी विहिरीच्या कठड्यावर तासभर बसल्या होत्या. आम्हाला ऐकू काही आलं नाही. एवढंच दिसलं, की त्या मुलीची वही मांडीवर होती आणि ती मिटलेली होती. जाताना ती काकूंच्या पाया पडायला वाकली, तर काकूंनी पाय मागे घेतले.

काय सांगितलंत, असं आम्ही विचारलं नाही. काकूंचा नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी होडी घेऊन गेला आणि परत आला नाही, एवढंच गावाला ठाऊक होतं. काकू त्याच्याविषयी कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही कधी विषय काढला नाही.

शेवटचा भाग आम्ही सुगंधाकडे एकत्र पाहिला. विजा कडाडतील, वारा सुटेल, ती त्याला मिठी मारायला धावेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तसलं काही झालं नाही. शर्वरीने स्वयंपाकघरात दोन ताटं वाढली. इंद्रजित समोर येऊन बसला. तिने आपल्या ताटातल्या माशाचे काटे एकेक करून काढले आणि मऊ तुकडा त्याच्या ताटात ठेवला. तो उठला आणि दाराकडे निघाला. "जेवून तरी जा," एवढंच ती म्हणाली. तो गेला. ती थोडा वेळ दाराकडे बघत बसली, मग तिने आपलं ताट संपवलं. मग त्याचं ताट पुढे ओढलं आणि तेही सगळं संपवलं. तिथेच मालिका संपली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये भाभींना राहवलं नाही. म्हणाल्या, चार वर्षांत त्या बंगल्यात मासळी एकदाही शिजली नाही, इनामदार लोक खातच नव्हते, मग शेवटच्या दिवशी ताटात एवढं मोठं पापलेट आलं कुठून?

पार्वतीकाकूंनी मान वर केली नाही.

"पापलेट न्हवतं," त्या म्हणाल्या. "बांगडा व्हता. बाकी पोरीनं बरोबर लिवलंय."